बाईंची वही आणि नोंदणीची प्रणाली: एका पुनर्विवाह मेळाव्याचे प्रकरण

पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका जिल्ह्याच्या शहरात एक सामाजिक संस्था दरवर्षी पुनर्विवाहेच्छू स्त्री-पुरुषांचा परिचय मेळावा भरवते. विधवा, विधुर, घटस्फोटित असे दीडशेच्या आसपास उमेदवार येतात, सोबत आईवडील, भाऊ, मावशी. जातीची अट नाही. सकाळी नोंदणी, मग एकेकाने मंचावर येऊन मिनिटभरात ओळख करून द्यायची, दुपारी जेवण. त्यानंतर दोन्ही बाजूंची तयारी असेल तर बोलायला वेगळी टेबले. लहान मुलांसाठी शेजारच्या खोलीत खेळघर असते.

मे २०२२ मध्ये शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्यानंतर संस्थेच्या कार्यकर्त्या गावोगावच्या बचत गटांत या विषयावर मोकळेपणाने बोलू लागल्या आणि खेड्यांतून येणारे अर्ज वाढले. यातल्या कित्येक जणींकडे स्वतःचा फोन नसतो, असला तरी तो घरच्यांच्या नजरेखाली असतो. म्हणून अर्ज कार्यकर्तीच भरते, स्वतःच्या फोनवरून. पुढे जे घडले त्यात ही गोष्ट फार महत्त्वाची ठरली.

नोंदणी सांभाळतात त्या एक निवृत्त शिक्षिका. सगळे त्यांना बाई म्हणतात. त्यांच्याकडे एक लांबट वही आहे, डाव्या पानावर स्त्रिया, उजव्या पानावर पुरुष. गूगल फॉर्म आला तरी ती वही त्यांनी सोडली नव्हती. मी संस्थेची स्वयंसेवक आहे आणि पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहिते. ओळख पटू नये म्हणून या लेखात काही तपशील बदलले आहेत.

अडचण

आदल्या वर्षी मेळाव्याच्या चार दिवस आधी एका उमेदवार महिलेला अनोळखी माणसाचे फोन येऊ लागले. तिचे नाव, वय, मुलगा कितवीत आहे, पगार किती, सगळे त्याला ठाऊक होते. फॉर्मची माहिती ज्या शीटमध्ये जमा होत होती तिची लिंक ‘लिंक असलेल्या कुणालाही दिसेल’ अशी ठेवलेली होती. आठ कार्यकर्त्यांच्या व्हॉट्सॲप गटावर ती टाकली गेली आणि तिथून पुढे कुठे गेली ते शेवटपर्यंत कळले नाही. ती महिला मेळाव्याला आली नाही. बाई तिच्या घरी जाऊन माफी मागून आल्या.

बाकीच्या अडचणी यापुढे किरकोळ, पण वेळखाऊ. शुल्क यूपीआयने यायचे, लोक स्क्रीनशॉट पाठवायचे आणि त्यावरचा बारा आकडी व्यवहार क्रमांक बँकेच्या खातेउताऱ्याशी ताडत दोघे जण तीन रात्री बसायचे. पैसे भावाच्या खात्यातून आलेले, अर्ज बहिणीचा, नाव जुळेना. परिचय सूची छापखान्यात द्यायची म्हणजे सगळी माहिती पुन्हा टंकायची. मेळाव्याच्या सकाळी दारात तासभराची रांग. ओळखीचे कुणी बघेल या धास्तीने आलेल्या माणसाला रस्त्यावर तासभर उभे करणे मला फार लागले होते.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय गूगल फॉर्मच ठेवायचा, शीट फक्त तिघांना उघडी करायची. यात खर्च नव्हता आणि गळतीचा मोठा भाग बंद झाला असता. दुसरा, तिकीटविक्रीची तयार सेवा. त्या सेवा नाटक, मैफल, शर्यत यांच्यासाठी घडवलेल्या असतात; तिथे तिकीट काढणारा हाच येणारा असे धरलेले असते. शिवाय घटस्फोटाच्या हुकूमनाम्याची प्रत तिसऱ्याच कुणाच्या सर्व्हरवर ठेवावी लागली असती. तिसरा, बाहेरून करून घेणे. त्याचे अंदाजपत्रक संस्थेच्या वर्षभराच्या कार्यक्रमखर्चाइतके आले. चौथा, एआय सहाय्यक हाताशी घेऊन मी स्वतः करायचे.

सात आठवड्यांच्या संध्याकाळी माझ्याकडे होत्या, म्हणून चौथा पर्याय ठरला. कोड वाचून चूक ओळखू शकेल असे कुणी संस्थेत नसते तर मी पहिल्याच पर्यायाचा आग्रह धरला असता, आणि आजही तसाच सल्ला देईन.

पहिली आवृत्ती: दोन संध्याकाळी

जँगो (वेबसाइट बांधण्याची तयार चौकट) आणि पोस्टग्रेस (डेटाबेस) हे माझ्या रोजच्या कामातले, म्हणून तेच घेतले. सहाय्यकाला मी चार ओळी दिल्या: पुनर्विवाह मेळाव्याच्या नोंदणीची वेबसाइट, उमेदवाराची माहिती, फोटो आणि कागदपत्रे, शुल्क, क्यूआर कोड असलेला बिल्ला. दुसऱ्या संध्याकाळी सगळे चालू झाले. फॉर्म देखणा, बिल्ला छापून येत होता, कोड अपेक्षेप्रमाणे चालतो का ते तपासणाऱ्या स्वयंचलित चाचण्याही लिहिलेल्या आणि सगळ्या हिरव्या, म्हणजे उत्तीर्ण. कार्यकारिणीपुढे दाखवले तेव्हा टाळ्या पडल्या, आणि येत्या सोमवारीच सुरू करू असे कार्यवाह म्हणाले.

बाई मात्र म्हणाल्या, “अगं, मागच्या वर्षीचे कागदी अर्ज आहेत माझ्याकडे. त्यातले चाळीस भरून बघू, मग ठरवू.”

इथे पहिला निर्णय होता, आणि तो माझ्या मनाविरुद्ध झाला. दोन दुपारी आम्ही शेजारी बसलो. नावे, फोन, पत्ते बदलून बाई सांगत होत्या, मी भरत होते. चाळीसपैकी चौदा अर्ज अडले.

एका मोबाईलवर एकच नोंद, असा नियम सहाय्यकाने घातला होता. कार्यकर्तीच्या फोनवरून आलेला दुसराच अर्ज परत गेला. ईमेल सक्तीचा होता, तो अनेकींकडे नव्हता. नावाला दोनच रकाने होते, पहिले नाव आणि आडनाव; मधले नाव वडिलांचे लिहायचे की दिवंगत नवऱ्याचे, हा प्रश्न फॉर्मला पडलाच नव्हता. आधार कार्डावर सासरचे आडनाव आणि शाळेच्या दाखल्यावर माहेरचे, हे आमच्याकडे अपवादाने नाही तर रोजचे आहे. वैवाहिक स्थितीच्या यादीत ‘अविवाहित’ आणि ‘विवाहित’ होते, ‘हुकूमनामा झाला, अपिलाची मुदत बाकी’ नव्हते. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १५ प्रमाणे अपिलाचा हक्क असेल तर ती मुदत संपेपर्यंत पुन्हा लग्न करता येत नाही, म्हणून संस्थेचे वकील हुकूमनाम्याची तारीख आवर्जून पाहतात. आणि सभागृहात चारशे खुर्च्या असताना प्रणाली दर नोंदणीमागे एकच खुर्ची मोजत होती. एकट्याने मेळाव्याला येणारा उमेदवार बाईंनी इतक्या वर्षांत मोजकाच पाहिला आहे.

एआयने यात गैर काही केले नव्हते. जगातल्या बहुतेक नोंदणी फॉर्ममध्ये हेच नियम असतात. माझ्या चार ओळींत जे नव्हते ते त्याने सर्वसाधारण अनुभवातून भरले. मला धडकी भरली ती चाचण्यांची. ‘तोच मोबाईल पुन्हा आल्यास नोंद नाकारली जाते’ अशी चाचणी होती आणि ती व्यवस्थित उत्तीर्ण होत होती. गैरसमज आणि त्याची परीक्षा दोन्ही एकाच हाताने लिहिलेली, मग निकाल हिरवाच लागणार.

वाक्यांची वही

त्या दुपारनंतर कामाची रीत बदलली. बाईंनी नवी वही घेतली आणि प्रणालीने काय केले पाहिजे ते साध्या वाक्यांत लिहायला सुरुवात केली. ‘एका वडिलांच्या मोबाईलवरून दोन मुलींची नोंद झाली पाहिजे.’ ‘उमेदवाराला मेसेज पाठवायचा की नाही, हे आधी तिला विचारले पाहिजे.’ ‘मूल कुणाजवळ असते हा प्रश्न पुरुषांनाही विचारला पाहिजे.’ ‘नाव मागे घेतले तर कारण विचारायचे नाही.’ अशी एकतीस वाक्ये झाली.

प्रत्येक वाक्य मी सहाय्यकाला जसेच्या तसे मराठीत द्यायचे आणि आधी फक्त चाचणी लिहून घ्यायचे. ती चाचणी मराठीत उलगडून बाईंना वाचून दाखवायची. त्यांनी हो म्हटले की मग कोड. वेग मंदावला, पण याच रीतीने काम केल्यावर सहाय्यक खरोखर उपयोगी पडला. वाक्य नेमके असले की वीस मिनिटांत बदल तयार, आणि आधीची वाक्ये मोडली नाहीत ना तेही लगेच दिसे. दुसऱ्या वाक्यावर विचार करताना माझ्या लक्षात आले की ‘संपर्क क्रमांक’ आणि ‘उमेदवाराचा क्रमांक’ हे वेगळे रकाने हवेत. सासरी राहणाऱ्या विधवेच्या फोनवर मेळाव्याचा मेसेज झळकला तर काय होईल, हे बाईंना माहीत होते. मला नव्हते.

याच वेळी दुसरा नियमही केला: खरी माहिती सहाय्यकाला दाखवायची नाही. ज्या फोल्डरमध्ये तो काम करतो तिथे खरा डेटाबेस नाही, खऱ्या फायली नाहीत. चूक शोधायची असली तरी बनावट नोंदींवर. घाईच्या दिवसांत हे जाचक वाटे, पण एकदाही मोडले नाही.

कागदपत्रांची उघडी दारे

सुरू करायला आठवडा उरला असताना मी एका सहकाऱ्याला परीक्षण करायला बोलावले. त्याने चाचणीसाठी चढवलेल्या हुकूमनाम्याचा वेबपत्ता घेतला, लॉगिन नसलेल्या ब्राउझरमध्ये टाकला, आणि कागद उघडला.

कारण साधे होते. जँगोमध्ये चढवलेल्या फायली एका फोल्डरात जातात आणि वेब सर्व्हर त्या मागणाऱ्याला थेट देतो. तिथे ‘तू कोण’ असे कुणी विचारत नाही. फाइलचे नावही वापरकर्त्याने दिलेलेच राहते. अर्जांचे वेबपत्तेसुद्धा क्रमाने होते, १४७ नंतर १४८. लॉगिन केलेला उमेदवार आकडा बदलून शेजारचा अर्ज पाहू शकत होता. म्हणजे ज्या गळतीमुळे आम्ही हे काम हाती घेतले तीच गळती मी जास्त देखण्या रूपात परत आणली होती.

इथे कार्यकारिणीत वाद झाला. जाहिरात वर्तमानपत्राला गेली होती. माझे म्हणणे, आठवडाभर पुढे ढकला. कार्यवाहांचे म्हणणे, कागदपत्रांचा भाग तेवढा नंतर जोडा. बाईंनी आदल्या वर्षीच्या त्या महिलेचे नाव घेतले आणि विषय संपला. आठवडा पुढे गेलो.

फायली वेब सर्व्हरच्या आवाक्याबाहेर हलवल्या, प्रत्येक मागणी परवानगी तपासूनच पुरी होईल असे केले, क्रमांकांऐवजी अंदाज न करता येणारी ओळख दिली आणि प्रत्येक पानावर मालकी तपासली. मग सहाय्यकाशी नवे संभाषण उघडून एवढेच विचारले: बाहेरचा माणूस दुसऱ्याची माहिती कोणत्या वाटांनी पाहू शकेल? त्याने आणखी दोन वाटा दाखवल्या, त्यातली एक आम्हा दोघांच्याही नजरेतून सुटलेली. हा प्रश्न पहिल्या दिवशी विचारता आला असता. ‘चालते का’ हे विचारण्याच्या भरात ‘कुणासाठी चालू नये’ हे विचारायचे राहिले.

परिचय सूचीत फोन नंबर छापायचा नाही, हेही याच बैठकीत ठरले. फक्त क्रमांक, वय, शिक्षण, अपत्य, अपेक्षा. भेटायचे असेल तर टेबलावर येऊन क्रमांक सांगायचा, मग कार्यकर्ती समोरच्याला विचारून येते.

वेलांटीचे तीन दिवस

सूचीच्या पीडीएफमध्ये ‘किरण’ची वेलांटी ‘क’च्या पुढे सरकली होती आणि ‘विद्या’मधले जोडाक्षर फुटले होते. सहाय्यकाने फॉन्ट बदलला, नीट झाले म्हणाला. झाले नव्हते. दुसरा फॉन्ट, मग तिसरा. मी प्रत्येक वेळी ‘अजून चुकते आहे’ एवढेच लिहीत होते आणि तो तितक्याच खात्रीने नवा उपाय देत होता. तीन संध्याकाळी अशा गेल्या.

शेवटी थांबून मूळ समजून घेतले. ऱ्हस्व वेलांटी साठवताना अक्षरानंतर येते आणि दाखवताना आधी. ही अदलाबदल आणि जोडाक्षरांची जुळणी करणारा वेगळा टप्पा असतो. आम्ही वापरत होतो त्या पीडीएफ लायब्ररीत तो टप्पाच नव्हता, म्हणून कोणताही फॉन्ट घातला तरी फरक पडणार नव्हता. सूची वेबपान म्हणून तयार करून क्रोमियम ब्राउझरकडून पीडीएफ करून घेतली, कारण ब्राउझरला हे काम येतेच. अर्ध्या तासात मिटले.

असेच ‘कऱ्हाडे’ आडनावाचे. शोधपेटीत टाकले तर दोनपैकी एकच नोंद सापडे. त्यातला अर्धा र काही कीबोर्ड ‘ऱ’ला हलंत जोडून लिहितात, काही साध्या ‘र’ला हलंत आणि एक अदृश्य जोडचिन्ह लावून. डोळ्यांना सारखेच, संगणकाला वेगळे. सहाय्यकाने युनिकोडचे (संगणकात अक्षरे साठवण्याच्या मानकाचे) प्रमाणित रूप करण्याचा नेहमीचा उपाय घातला, पण त्यात हा प्रकार मोडत नाही. साठवताना एक रूप दुसऱ्यात बदलायचा छोटा नियम मी हाताने लिहिला.

सुरू झाल्यावर

पैशांच्या बाबतीत पहिल्या दोन दिवसांत तीन तक्रारी आल्या: पैसे गेले, नोंद नाही. शुल्क भरून झाल्यावर ब्राउझर आमच्या पानावर परत येईल तेव्हाच नोंद करायची, असा कोड होता. खेड्यातल्या रेंजवर ते परत येणे होतेच असे नाही. बदल असा केला की अर्ज आधी ‘शुल्क बाकी’ म्हणून साठवायचा आणि गेटवेकडून, म्हणजे ऑनलाइन शुल्क घेणाऱ्या सेवेकडून, थेट आमच्या सर्व्हरला येणाऱ्या संदेशावर तो पक्का करायचा. तो संदेश कधीकधी दोनदा येतो हे गेटवेच्या माहितीपत्रकात स्पष्ट लिहिलेले असते. मी ते वाचले एका उमेदवाराला दोन बिल्लाक्रमांक गेल्यावर. मग प्रत्येक संदेशाची ओळख नोंदवून दुसऱ्यांदा आलेला सोडून द्यायला लावला.

नोंदणी रात्री बाराला बंद व्हायची होती, ती पहाटे साडेपाचपर्यंत उघडी राहिली. जँगोच्या नव्या प्रकल्पात वेळ मुळात जागतिक प्रमाणवेळेवर ठेवलेली असते आणि आपण तिच्या साडेपाच तास पुढे. त्या वेळात अकरा अर्ज आले. परत पाठवायचे का? बाई म्हणाल्या, “रात्री दोनला अर्ज भरणारी बाई सगळे झोपायची वाट बघत बसली असेल.” अकराही घेतले, खुर्च्या भाड्याने आणल्या.

मेळाव्याचा दिवस आणि निकाल

सकाळी सभागृहात चार टेबलांवर फोनने क्यूआर तपासायचे होते. गर्दी झाली आणि नेट बसले. बाईंनी आदल्या दिवशी माझ्याशी वाद घालून छापून घेतलेली यादी काढली आणि पेन्सिलने खुणा करत रांग पुढे नेली. कागदाची गरज नाही असे मी ठामपणे म्हटले होते. ते चूक होते.

तरीही रांग पंधरा-वीस मिनिटांवर आली, कारण बिल्ले आणि खुर्च्या आधीच लावलेल्या होत्या. हिशेब एका बैठकीत जुळला. परिचय सूची टंकावी लागली नाही. मेळाव्याआधी किंवा नंतर अनोळखी फोन आल्याची एकही तक्रार संस्थेकडे आली नाही. आदल्या वर्षी न आलेल्या त्या महिलेने बाईंच्या आग्रहावरून पुन्हा अर्ज केला, आणि त्या दिवशी ती भावासोबत आली होती.

पुन्हा करताना

चाळीस कागदी अर्ज कोडच्या पहिल्या ओळीआधी भरून बघेन, निदान तोंडी तरी. त्या दोन दुपारींची बैठक या कामातली सर्वांत मोलाची होती आणि ती जवळजवळ टळलीच होती.

एकाच दुरुस्तीसाठी तिसऱ्यांदा ‘अजून चुकते आहे’ लिहायची वेळ आली की थांबून कारण स्वतः शोधायचे, हा नियम आता मी नोकरीतही पाळते.

दारावरची तपासणी नेटशिवाय चालली पाहिजे. आदल्या रात्री यादी फोनमध्ये उतरवून ठेवायची आणि छापील प्रत तरीही काढायची.

कागदपत्रे मेळाव्यानंतर तीस दिवसांत नष्ट करू असे आम्ही अर्जातच लिहून दिले होते, आणि २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचा रोखही तोच आहे: काम झाल्यावर माहिती बाळगायची नाही. मूळ फायली वेळेवर पुसल्या, पण रोजच्या बॅकअपमध्ये त्या आणखी दोन महिने राहिल्या. आता बॅकअपचे आयुष्यही तीस दिवसांत बसवले आहे.

आणि एक गोष्ट अजून पुरी सुटलेली नाही. यंदाच्या मेळाव्याची सूचना जुन्या उमेदवारांना गेली तेव्हा त्यात एक अशी महिला होती जिचे लग्न मागच्याच मेळाव्यात ठरून चार महिन्यांपूर्वी झाले होते. मेसेज नव्या घरात, जेवणाच्या वेळी आला. तिने बाईंना फोन केला, रागावली नाही, पण आवाज कापत होता. बाईंनी त्याच संध्याकाळी वहीत बत्तिसावे वाक्य लिहिले: ‘ज्यांचे जमले त्यांना आपण होऊन पुन्हा कधीही मेसेज करायचा नाही.’ चाचणी लिहून झाली आहे. पण जमल्याचे आम्हाला कळवणार कोण, आणि ते त्यांनी कळवावे का, यावर मी आणि बाई येत्या रविवारी बसणार आहोत.